फोटोतली वांगी साडी

संक्रांतीच्या दिवशी रात्री साडेसातला दुकानातला फोन वाजला. पलीकडे माझा साडू अवधूत होता. "वामनराव, दुकान बंद करा अन् यवतमाळले या. रत्नाताईले दवाखान्यात आणलं," तो म्हणाला. काय झालं, मी विचारलं. "या तुम्ही." ती बोलते का, मी विचारलं. त्यावर तो त्याच्या दुकानातल्या आवाजात म्हणाला, "काळजी करू नका. डॉक्टर चांगले आहेत." तेव्हाच मला कळलं की ती गेली.

अवधूतचं कळंबला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. त्या वर्षांत कपाशीनं आमच्या भागात कोणाचंच धड ठेवलं नव्हतं. बोंडं भरायची नाहीत, पानं लाल पडायची, आणि लोक तावातावानं त्याच्या दुकानात यायचे. तेव्हा तो हा आवाज काढायचा. बियाण्यात खोट नाही, काळजी करू नका, कंपनीचा माणूस येऊन राह्यला. मी तो आवाज त्याच्या दुकानात बसून ऐकला होता. माझ्या बायकोबद्दल बोलताना त्यानं तोच काढला, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

माझी बायको रत्नप्रभा सकाळीच कळंबला गेली होती. आधी चिंतामणीचं दर्शन, मग अनघाकडे हळदीकुंकू. अनघा तिची धाकटी बहीण, अवधूतची बायको. संक्रांत म्हणून रत्नप्रभा काळी साडी नेसली होती. ती साडी मला चांगली माहीत होती, कारण तिच्यावरचा ब्लाउज मी जुळवला होता.

घाटंजीला माझं मॅचिंग सेंटर आहे. बाया साडी घेऊन येतात, मी ब्लाउजपीस, अस्तर, फॉल जुळवून देतो. दुकानात ट्यूबलाइट आहे, पण तिच्या उजेडात मी कधी रंग ठरवत नाही. साडी आणि कापड दोन्ही ओट्यावर नेतो आणि उन्हात धरतो. लोकांना वाटतं काळ्याला काळा जुळवणं सोपं. ते सगळ्यात कठीण. एक काळा निळ्याकडे झुकतो, एक तपकिरीकडे, एक हिरव्याकडे. रत्नप्रभाच्या साडीसाठी मी पुष्कळ ठाण उघडले होते. शेवटी एक सुती कापड असं लागलं की पदराखाली धरलं तर कुठं साडी संपते ते दिसत नव्हतं. ती म्हणाली होती, "आता गिऱ्हाइकाले लावता तेवढा टाइम बायकोले लावला म्हणायचा."

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या अंगावर पांढरी चादर होती. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. वाटेतच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आणल्यावर बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. सवाष्ण गेली म्हणून तसं करतात. म्हणजे काळ्या साडीत मी तिला संक्रांतीच्या सकाळी एसटी स्टँडवर पाहिलं, त्यानंतर नाही.

तेराव्याला अवधूतनं मला एक पाकीट दिलं. "ताईचा फोटो आहे. त्याच दिवशीचा. पाच वाजता अंगणात काढलेला. हासून राह्यली होती पाहा, काही म्हणता काही नव्हतं तिले."

त्याच्याकडे डिजिटल कॅमेरा होता. नागपूरहून कोणाचा तरी वापरलेला घेतला होता, शेतातल्या पिकाचे फोटो काढायला. फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती, पण भलत्याच वर्षाची. त्यानं ती कधी लावलीच नव्हती.

पाहुणे गेल्यावर मी फोटो घेऊन ओट्यावर आलो. पायरीवर दोघी बहिणी बसलेल्या. रत्नप्रभाच्या हातात तिळगुळाची वाटी. चेहरा तिचाच, रंगही तिचाच, कुंकू लाल. पण साडी काळी नव्हती. वांगी रंगाची होती. चांगली गडद, पण वांगी. आणि ब्लाउज काळा.

मी बराच वेळ पाहिलं. बाजूला अनघाची इरकल काळीच दिसत होती. रत्नप्रभा काळ्या ब्लाउजवर वांगी साडी नेसणारी बाई नव्हती. धारवाडी खणाला सुद्धा ती दुसऱ्या रंगाचा दोरा लावू द्यायची नाही. आणि संक्रांतीच्या दिवशी, सगळ्या बाया काळ्यात असताना, काळं सोडून दुसरं कशाला नेसेल?

म्हणजे साडी बदलली होती, ब्लाउज तोच राहिला होता. साडी मधेच का बदलतात? ओकारी झाली तर. भोवळ येऊन पडली तर. म्हणजे पाचच्या आधीच तिला काहीतरी झालं होतं. अनघानं आपल्यातली एक साडी तिला नेसवली, फोटोला बसवलं, आणि हळदीकुंकू पार पडेपर्यंत दोघं थांबले. दवाखान्यात नेलं ते अंधार पडता पडता.

अनघा अजून आमच्याकडेच होती. मी तिला स्वयंपाकघराच्या दारात विचारलं, "रत्नानं त्या दिवशी साडी बदलली होती का?"

तिनं आधी अवधूतकडे पाहिलं. मग म्हणाली, "कायले बदलन भाऊजी? काळीच होती ना."

"आता कुठं आहे ती?"

"दवाखान्यातच राह्यली. त्या टायमाले कोन ध्यान देते."

"फोटोत वांगी दिसून राह्यली."

अवधूत मधे बोलला. "वामनराव, फोटोचं काय घेऊन बसले. चहा घ्या थोडा." तोच आवाज.

दुसऱ्या दिवशी मी फोटो बाबुलालकडे नेला. माझ्या दुकानासमोर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. आधी रोल धुवायचा, आता कॉम्प्युटर आणलेला. त्याला मी कारण सांगितलं नाही. इतकंच विचारलं की छापताना रंग बिघडतो का.

"बिघडते ना. पन बिघडला तर सबका बिघडते, वामनभाऊ," तो म्हणाला. "फोटो निळा मारला तर तोंडबी निळं, भिंतबी निळी. इथं पाहा. तोंड बरोबर, कुंकू बरोबर, चुन्याची भिंत पांढरी. ब्लाउज काळा, बाजूच्या बाईची साडी काळी. मग एकटी हीच साडी काहून बिघडन? जशी होती तशी आली."

हे मी दुकानात रोज करतो तसंच होतं. एका गोष्टीचा रंग दुसऱ्या गोष्टीशेजारी ठेवून पाहायचा. मला त्याचं पटलं. खरं तर मला ते ऐकायचंच होतं.

कळंबला एकदा गेलो असताना अनघाच्या शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "काळीच असन ना भाऊ. आम्ही सगळ्याच काळ्यात होतो." हे तर न पाहतासुद्धा कोणी म्हणेल. शिवाय ती अनघाची शेजारीण. दवाखान्यातही जाऊन आलो. तिथं इतक्या दिवसांनी कोणाला काय आठवणार?

मग मी कळंबला जाणं बंद केलं. फोन आला की शाल्मलीला द्यायचो. शाल्मली माझी मुलगी, तेव्हा यवतमाळला कॉलेजात होती. आई गेल्यावर ती मावशीला जास्तच धरून होती. उन्हाळ्याच्या सुटीत तिनं बॅग भरली तेव्हा मी विचारलं, कुठं.

"मावशीकडे."

"नको जाऊ."

"काहून?"

"मी म्हणतो म्हणून."

"बाबा, तुम्ही त्यांच्याशी असं काहून करून राह्यले? मावशी फोनवर रडते. मले विचारते, भाऊजी रागावले का. मी काय सांगू तिले?"

"काही सांगू नको. तिले जे सांगायचं आहे ते तिनं सांगावं."

"काय सांगायचं आहे तिले?"

मी तिला संशय सांगितला नाही. खात्री झाल्याशिवाय मुलीच्या मनात तिच्या मावशीविषयी ते घालायचं नव्हतं. ती बॅग तशीच ठेवून गच्चीवर निघून गेली. घरात आम्ही दोघंच, आणि त्या सुटीत आम्ही जेवणापुरतं बोललो.

फोटो मी दुकानात गल्ल्याच्या वर ठेवला होता. गिऱ्हाईक नसलं की काढून पाहायचो. त्या वर्षी गिऱ्हाईक नसायचंच. मी वांगी रंगाचे सगळे ठाण त्या फोटोशेजारी धरून पाहिले. कोणता वांगी आहे, ते कळलं तर अनघाच्या कपाटात कोणती साडी होती ते ओळखता येईल, असं वाटायचं. एकही ठाण बरोबर बसत नव्हता. कापडात तसा रंग मी कधी पाहिला नव्हता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण माझी शंका दुसरीकडे लागली होती.

दसऱ्याच्या आसपास भगवानराव दुकानात आले. घाटंजीजवळच त्यांची शेती, कपाशी आणि तूर; बियाणं ते अवधूतकडून न्यायचे. बायकोसाठी, विमलताईंसाठी, ब्लाउजपीस न्यायचा होता. हातातलं पाकीट त्यांनी काउंटरवर आपटलं.

"तुमच्या साडूनं आमाले चांगलं तोंडावर पाडलं, वामनराव!"

"काय झालं?"

"लाल्या आला ना कपाशीवर. पुरं वावर लाल. म्हटलं फोटो काढून तालुक्याच्या कृषी साहेबाले तक्रार देऊ. तुमचे साडू आले, कॅमेरा घेऊन, लय ऐटीत. मी फोटो घेऊन साहेबाकडे गेलतो. साहेब म्हणते, ह्यात लाल्या कुठं आहे? हे तर पिवळं दिसून राह्यलं. पाणी जास्त झालं असन. आता बोला! वावरात पान हातात धरलं तर कुंकवासारखं, अन् फोटोत हळद!"

मी फोटो उघडले. पानं खरंच पिवळट, फिकी. मधे भगवानराव उभे, डोक्यावर छत्री.

"अन् ही छत्री पाहा," ते म्हणाले. "माही काळी छत्री. वांगं करून टाकलं तिचं. विमल म्हणते, तुम्ही कोन्या बाईची छत्री घेऊन गेलते वावरात? सांगा आता, ह्या उमरीत मले हे ऐकावं लागते."

मी हसलो नाही. ते आपलं हसून मोकळे झाले. छत्री त्यांच्या हातातच होती. मी ती मागून घेतली, ओट्यावर नेली, उन्हात उघडली. काळी होती. फोटोत भगवानरावांच्या पायातली चप्पल काळी होती, घड्याळाचा पट्टा काळा होता. एकटी छत्री वांगी. आणि तो वांगी रंग मी ओळखत होतो. आठ-नऊ महिने मी त्याचा ठाण शोधत होतो.

ते दोन्ही फोटो घेऊन मी रस्ता ओलांडला. बाबुलालनं ते शेजारी ठेवले, डोकं खाजवलं. "मागं मी तुमाले गलत सांगतलं असन," तो म्हणाला. मग टीव्हीचा रिमोट उचलला आणि माझ्याकडे धरून बटण दाबलं. "काही दिसलं?"

"नाही."

त्यानं स्वतःचा डिजिटल कॅमेरा काढला, रिमोट त्याच्यासमोर धरला आणि मला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. रिमोटच्या टोकाला एक बारीक जांभळा ठिपका लुकलुकत होता.

"हा उजेड आपल्या डोळ्याले दिसत नाही. कॅमेऱ्याले दिसते. सूर्याच्या उन्हात असा उजेड भरपूर असते. म्हणून कॅमेऱ्याच्या आत एक काच बसवते, त्याले अडवायले. माह्या कॅमेऱ्यात चांगली आहे, म्हणून बारीक ठिपका. कोन्या कॅमेऱ्यात ती हलकी असते, कोन्यात रिपेअरवाल्यानं काढून टाकली असते. मग तो उजेड आत घुसते अन् लालनिळ्यात मिसळते."

"मग सगळंच वांगी दिसायला पाहिजे."

"तेच तर. कापडावर असते ते. कोनता काळा रंग तो उजेड पिऊन घेते, कोनता वापस फेकते. डोळ्याले दोन्ही काळेच. झाडाचं पानबी तो उजेड लय फेकते, म्हणून लाल पान फिकं पिवळं आलं. मले बी हे कालपरवा नागपूरच्या एका पोट्ट्यानं सांगतलं. पक्कं करायचं असन तर त्याच कॅमेऱ्यानं काळे कपडे उन्हात काढून पाहा."

मी दुकानातल्या प्रत्येक काळ्या ठाणाचा तुकडा कापला. सुती, नायलॉन, पॉलिस्टर, साटीन, अस्तराचं. रत्नप्रभाची साडी ज्या जातीच्या कापडाची होती त्याचाही एक तुकडा मिळाला. पिशवी घेऊन मी कळंबची गाडी धरली. इतक्या महिन्यांनी.

अवधूत दुकानातच होता. मला पाहून उठला. "वामनराव! अहो फोन तरी करायचा."

"तुमचा कॅमेरा पाहिजे. घरी चला, अंगणात."

"कॅमेरा? काय काढायचं?"

"कापड."

तो हसला. "मॅचिंगची जाहिरात करून राह्यले काय?" पण आला. गल्ल्यावर नोकराला बसवलं आणि माझ्यासोबत चालत आला.

अंगणात ऊन होतं. त्याच पायरीवर मी तुकडे मांडले, एकाशेजारी एक. डोळ्याला सगळे काळे. काही मी वर्षानुवर्षं एकमेकांवर जुळवून विकले होते. अवधूतनं फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर पाहिला. मग त्यानं कॅमेरा माझ्याकडे दिला.

चार काळे काळेच होते. बाकीचे वांगी. त्या साडीच्या जातीचा तुकडा तर स्वच्छ वांगी. त्याच्याशेजारी तिच्या ब्लाउजचं सुती कापड काळं कुळकुळीत.

"हे काय?" अवधूत म्हणाला. मग त्याला समजलं. "थांबा. त्या फोटोतली साडी... म्हणजे तुम्ही इतके महिने हे धरून बसले होते? आम्ही साडी बदलली म्हणून?"

"हो."

"कायले बदलू आम्ही साडी?"

"तिला आधी काही झालं असेल. ओकारी, भोवळ. तुम्ही लपवलं असेल."

त्याचा आवाज चढला. "वामनराव, तुमची बायको होती तशी आमची ताई होती. ताईच्या साडीचा रंग पाहून तुम्ही आमाले..." त्यानं माझ्या हातातला कॅमेरा घेतला, बंद केला आणि खिशात घालून उभा राहिला.

अनघा दारात आली होती. हात पिठाचे होते. तिनं पायरीवरचे तुकडे पाहिले. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी म्हणालो, "अनघा, माझं चुकलं. साडी काळीच होती."

ती खाली बसली, तुकड्यांच्या बाजूला. म्हणाली, "साडी काळीच होती, भाऊजी. साडी नाही बदलली."

"अनघा," अवधूत म्हणाला.

"बोलू द्या मले." तिनं पीठ पदरालाच पुसलं. "जेवण झाल्यावर ताई म्हणे, डावा खांदा दुखून राह्यला. एसटीत उभी आली म्हणून असन. मी बाम लावला. घाम आला होता तिले, थंडीचे दिवस अन् कपाळावर घाम. मी म्हटलं, भाऊजीले फोन करू? ती म्हणे, त्यांले नको सांगू, दुकान टाकून धावत येतीन, काही नाही मले. आतल्या खोलीत पडली जराशी. मग उठली. तोंड धुतलं, कुंकू लावलं, फोटोले बसली. हसलीबी. मले वाटलं बरं झालं. मग बाया आल्या. बाया गेल्या अन् ती खाली बसली ते..."

"डॉक्टर इथं नव्हता?"

"होता ना. दोन घरं सोडून." ती रडत नव्हती. "मीच नाही नेलं. बाया यायच्या होत्या."

अवधूत माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मीच म्हटलं तिले, सांगू नको. सांगून ताई वापस येणार होती का? तुमाले उगाच जन्मभर..." या वेळी तो आवाज त्याच्या दुकानातला नव्हता.

मी तुकडे उचलले. पिशवीत भरले. मला त्या वेळी काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. इतके महिने माझी खात्री होती की हे लोक खोटं बोलून राह्यले, आणि ते बोललेच होते. पण ज्याच्या जोरावर मी खात्री केली ते खोटं निघालं. आणि रत्नप्रभानंच सांगितलं होतं मला कळवू नको म्हणून. मी चिडायचं कोणावर, ते ठरत नव्हतं. अनघा चहा ठेवते म्हणाली. मी नको म्हटलं नाही. चहा घेतला. अवधूत स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं उसाच्या रसवंतीजवळ उभे राहिलो. भगवानरावांच्या पानांचं काय, मी विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्याचा कॅमेरा घेऊन परत जातो वावरात. साहेबाले मीच भेटतो.

भगवानरावांचे फोटो पुन्हा काढले, त्यात पानं लाल आली. तक्रारीचं पुढं काय झालं मला माहीत नाही.

शाल्मलीला मी सांगितलं की मावशीकडे जायला हरकत नाही. तिनं कारण विचारलं. मी म्हणालो, माझा गैरसमज झाला होता, कॅमेऱ्याचा दोष होता. तिचा विश्वास बसला नाही. "कॅमेऱ्याच्या दोषापायी तुम्ही इतके महिने मावशीशी बोलले नाही?" मी हो म्हणालो. ती दिवाळीला कळंबला गेली, मावशीनं तिला आईची एक जुनी साडी दिली, ती घेऊन आली. आता दर सुटीत जाते. मावशीचं नाव काढलं की तिचं तोंड खुलतं.

बामाचं, घामाचं आणि दोन घरं सोडून असलेल्या डॉक्टरचं मी तिला सांगितलेलं नाही. अनघानंही सांगितलेलं नाही, मी विचारून घेतलं. आई कशी गेली ते जाणून घ्यायचा शाल्मलीला हक्क आहे, आणि ते तिला मीच सांगायला हवं. ते अजून राहिलं आहे.